मधल्या भिंतीचा इतिहास

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, लढाया, तहनामे आणि राजवाडे उभे राहतात. परंतु ज्या इतिहासाशीं आपला रोजचा संबंध येतो, तो पुष्कळदां आपल्या घरांतच असतो आणि आपण त्याच्याकडे पाठ करून बसलेले असतों. मोठी बैठक मधोमध अडवून तिच्या दोन खोल्या करणें ही गोष्ट तशी अगदीं घरगुती. मुलाचें लग्न ठरलें, नातवंडांच्या परीक्षा जवळ आल्या, अथवा म्हातारी आई खेड्यांतून कायमची राहावयास आली, म्हणजे घराचा कर्ता मोजपट्टी घेऊन बैठक मोजूं लागतो. धुळ्यास, साक्रीस, पुण्यास, मुंबईस, सर्वत्र हें चाललेलें आहे. ही मधली भिंत आपल्याकडे कोणत्या कारणांनीं उभी राहत आली, तिच्यासंबंधीं शास्त्रकारांनीं व न्यायालयांनीं काय ठरविलें, आणि तिच्यामागें कोणाला राहावें लागलें, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम घराकडे पाहूं. साक्री तालुका धुळें जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, सह्याद्रीला टेकून आहे. १८८० सालीं निघालेल्या खानदेशच्या गॅझेटियरांत हा मुलूख पिंपळनेर तालुका ह्या नांवानें आलेला आहे. पुढें १९०६ सालीं खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हां तो पश्चिम खानदेशांत गेला. आज त्या पश्चिम खानदेशाचेहि धुळें व नंदुरबार असे दोन जिल्हे झालेले आहेत. एका मोठ्या घराच्या दोन खोल्या, आणि त्यांतील एका खोलीच्या पुन्हां दोन, असाच हा प्रकार झाला म्हणावयाचा.

ह्या एकाच तालुक्यांत घरांचे दोन प्रकार पाहावयास मिळतात. पश्चिमेकडे डोंगराजवळ पाऊस फार. तेथें उतरतें छप्पर आणि बांबूच्या तट्ट्यांच्या किंवा कुडाच्या भिंती. पूर्वेकडे पाऊस कमी व ऊन कडक. तेथें पांढरीच्या मातीच्या जाड भिंती आणि वर सपाट धाबें. धाबें म्हणजे लांकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवीं लांकडें व फांद्या, त्यांवर पाला, आणि त्यावर मातीचा जाड थर. सर्वांत वर खारवट मातीचा लेप, कारण ती माती पाणी मुरूं देत नाहीं. असें घर उन्हाळ्यांत थंड राहतें. दर पावसाळ्यापूर्वीं मात्र धाब्यावर नवी माती पसरावी लागते, आणि घरांत चार कर्ते हात असतील तरच तें काम वेळेवर होतें.

आतां ह्या घराचें माप पाहा. जुना माणूस घर किती मोठें आहे हें सांगतांना चौरस फूट सांगत नसे. तो खण सांगे. दोन तुळयांमधील किंवा दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. जेवढी लांब व सरळ तुळई जंगलांतून मिळेल आणि वरच्या मातीचा भार सोशील, तेवढाच खण रुंद. घर तीन खणी, पांच खणी, सात खणी असें वाढत जाई. ह्या रचनेंत एक मोठी सोय होती. छपराचा भार खांबांवर असे, मधल्या भिंतींवर नसे. म्हणून खांबांच्या ओळींत कोठेंहि आडोसा उभा केला किंवा काढून टाकला, तरी वरच्या धाब्याला त्याचा पत्ताहि लागत नसे. तुराट्या किंवा पऱ्हाट्या उभ्या बांधावयाच्या, दोन्ही अंगांनीं शेणमाती लिंपावयाची, कीं चार दिवसांत कुड तयार. ज्याला पैसा अधिक, तो सागवानी फळ्या ठोकी. आज आपण ज्याला पार्टिशन म्हणतों, तें आपल्या पूर्वजांना नवें नव्हतें. किंबहुना त्यांचें घरच असें बांधलेलें होतें कीं, गरज पडेल तसें तें अडवावें आणि गरज सरली म्हणजे मोकळें करावें.

मग एवढी मोठी बैठक मुळांत ठेवीतच कां, असा प्रश्न येतो. त्याचें कारण घराच्या कामांत आहे. बैठक ही निजावयाची किंवा अभ्यासाची खोली नव्हती. ती पुरुषांची सार्वजनिक जागा होती. तेथें पाहुणा उतरे, देण्याघेण्याचे हिशेब होत, पंच बसत, सोयरिकी ठरत. तिच्यामागें माजघर, तें स्त्रियांचें, मुलांचें आणि धान्याचें. इंग्रजी अंमल खानदेशांत १८१८ सालीं आला. त्यापूर्वींच्या धामधुमींत भिंती जाड, बाहेरच्या खिडक्या लहान आणि दार एकच, अशी घरें बांधणें शहाणपणाचें होतें. पुढें कॅप्टन ब्रिग्ज ह्यानें धुळ्यास कचेऱ्या बांधल्या, कारागीर दूरवरून आणविले आणि नव्या पेठेंत घरें बांधणाऱ्यांना बिनभाड्याच्या जागा कायमच्या दिल्या. लोक बाहेर येऊन राहूं लागले. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असतां कापसाचे भाव कडाडले आणि कापूस पिकविणाऱ्या मुलखांत पैसा खेळूं लागला. मोठ्या बैठकीची हौस पुरविण्याजोगी ऐपत अशा काळांत अनेकांना आली. पुढें त्याच बैठकींत मुलांचीं बिऱ्हाडें झालीं.

येथें शास्त्राकडे वळावें लागतें. आपल्या महाराष्ट्रांत वांटणीच्या बाबतींत मुख्य आधार मिताक्षरेचा. चालुक्य राजा विक्रमादित्य सहावा याच्या राज्यांत, कल्याण येथें, विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली. तिच्या जोडीला सतराव्या शतकांतील नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख हाहि ग्रंथ आपल्याकडे मानला जाई. मुलाला वडिलार्जित इस्टेटींत जन्मतःच हक्क आहे, हें मिताक्षरेचें मुख्य सूत्र. म्हणजे बैठकीच्या वांटणीचें बीज पाळण्याबरोबरच घरांत येतें, असें म्हटलें तरी चालेल. परंतु शास्त्रकारांनीं वांटावें काय, एवढेंच सांगितलें नाहीं; वांटूं नये काय, हेंहि सांगितलें. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत ज्या वस्तूंची वांटणी करूं नये म्हणून म्हटलें आहे, त्यांत शिजविलेलें अन्न आहे, पाणी आहे आणि जाण्यायेण्याची वाटहि आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड १९४६ सालीं निघाला. ह्या सर्व वादांचा ऊहापोह ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनीं तो अवश्य पाहावा.

पाणी आणि वाट वांटूं नये, हा नियम वरवर साधा दिसतो. पण घर अडविणाऱ्यास त्याच्याइतका उपयोगी नियम दुसरा नाहीं. दोन भावांनीं बैठकीचे खण वांटून घेतले, तरी आडावर दोघांच्याहि घागरी गेल्या पाहिजेत, आणि मागच्या खणांत राहणाऱ्यास पुढच्याच्या अंगणांतून जातां आलें पाहिजे. नाहींतर ती वांटणी झाली नाहीं, एकाला कोंडणें झालें. जुन्या वांटणीपत्रांत खण मोजून, चतुःसीमा घालून, शेवटीं विहीर, वाट व देवघर सामाईक असें लिहून ठेवण्याची वहिवाट होती ती ह्याचसाठीं. देवाची पूजा पाळीनें करावयाची, आणि ज्याची पाळी त्याच्याकडे त्या दिवसाचा नैवेद्य. कित्येक घरीं मोठ्या भावानें वांटे घालावे आणि धाकट्यानें पहिला उचलावा, अशी रीति असे. वांटे घालणाऱ्याला आपल्या वांट्यास कोणता येईल हें ठाऊक नसल्यामुळें तो सारखेच घाली.

अशा घरगुती कागदांचें मोल आपल्याला पटवून दिलें तें इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं. त्यांच्या आयुष्याचा अखेरचा काळ धुळ्यास गेला आणि तेथेंच १९२६ सालच्या शेवटच्या दिवशीं त्यांनीं देह ठेवला. गांवोगांव पायीं हिंडून, माळ्यावरच्या पेट्यांतून आणि वाण्याच्या रद्दींतून त्यांनीं दप्तरें जमविलीं. राजेरजवाड्यांच्या पत्रांइतकाच साध्या कुटुंबांच्या कागदांतहि समाजाचा इतिहास असतो, ही दृष्टि त्यांनीं महाराष्ट्राला दिली. त्यांच्या नांवें धुळ्यास जें संशोधन मंडळ स्थापन झालें, तें आमच्या खानदेशचें भूषण आहे. ज्यांच्या घरांत अद्याप मोडी वांटणीपत्रें असतील त्यांनीं तीं वाळवीच्या स्वाधीन करूं नयेत, एवढी विनंति जातां जातां करून ठेवतों.

आतां एक समजूत दूर करावयास हवी. बैठकींत भिंत घातली म्हणजे घर फुटलें, असें आपल्याकडे सहज बोललें जातें. घर फिरलें म्हणजे घराचे वासेहि फिरतात, ही म्हण मग कोणाच्या तरी तोंडीं येतेच. परंतु कायदा असें म्हणत नाहीं. १८६६ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें अप्पूव्हियर विरुद्ध रामसुब्बा अय्यन ह्या मद्रास इलाख्याकडील दाव्यांत असें ठरविलें कीं, वांटणी ही हक्कांची होते. आमचे हिस्से आतां निराळे, असें कुटुंबियांनीं स्पष्टपणें ठरविलें कीं विभाग झाला, मग जमीन व घर प्रत्यक्ष मोजून तोडलेलें नसलें तरी चालतें. उलटपक्षीं चूल निराळी केली, राहण्याची खोली निराळी केली, एवढ्यावरून कुटुंब विभक्त झालें असें निश्चित ठरत नाहीं, हेंहि न्यायालयांनीं वारंवार सांगितलें आहे. म्हणजे भिंत असून घर एक राहूं शकतें आणि भिंत नसून घर दोन होऊं शकतें. इरावतीबाई कर्वे यांनीं १९५३ सालच्या आपल्या ग्रंथांत एकत्र कुटुंबाचीं जीं लक्षणें सांगितलीं, त्यांत एक छप्पर आणि एका चुलीचें अन्न हीं येतात. एका खोलीची अट त्यांत नाहीं.

राहत्या घराचा जिव्हाळा कायद्यानेंहि ओळखलेला आहे. १८८२ सालच्या मिळकत हस्तांतर कायद्याचें ४४ वें कलम असें आहे कीं, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरांतील एखादा हिस्सा परक्यानें विकत घेतला, तरी त्याला त्या कुटुंबाबरोबर घरांत येऊन राहण्याचा हक्क मिळत नाहीं. पुढें १८९३ च्या वांटणीच्या कायद्यानें आणखी एक पाऊल टाकलें. असा परका वांटणी मागावयास आला, तर घरच्या हिस्सेदाराला योग्य किंमत देऊन तो हिस्सा परत घेण्याची मुभा त्यांत आहे. आणि घराची वांटणी सोयीस्करपणें होण्यासारखी नसेल, तर घर विकून पैसे वांटावे, असा हुकूम करण्याचा अधिकारहि न्यायालयाला त्याच कायद्यानें मिळाला. तीन खणी घरांत पांच भाऊ भिंती घालूं लागले, तर कोणालाच राहतां येत नाहीं. हें शहाणपण शेवटीं कायद्यांत लिहून ठेवावें लागलें.

खेड्यांतील ही भिंत भावाभावांनीं घातली. मुंबईसारख्या शहरांतील भिंत मात्र भाड्यानें घातली. गिरण्या वाढल्या, कोंकणांतून, देशावरून, खानदेशांतून माणसें गेलीं, आणि जागेला सोन्याचा भाव आला. मालकांनीं एका खोलीच्या दोन केल्या, दोहोंच्या चार केल्या. पुढच्या खोलीला खिडकी उरली, मधल्या खोलीला दिवसाहि दिवा लावावा लागे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हां ह्या काळोख्या खोल्यांकडे सरकारचें लक्ष गेलें. कौलें काढून उजेड आंत घेण्यांत आला, आडभिंती पाडण्यांत आल्या, आणि ज्या खोल्या मुळींच राहण्यास अयोग्य ठरल्या त्यांच्या भिंतींवर यू. एच्. एच्. हीं तीन अक्षरें रंगविण्यांत आलीं. माणसाच्या वस्तीस अयोग्य, असा त्यांचा अर्थ. १८९८ सालीं मुंबईंत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो ह्यांतूनच. ह्या ट्रस्टनें पुढें साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम घातला. इमारतीची जेवढी उंची, तिच्या निम्म्याहून कमी मोकळी जागा खिडकीपुढें असूं नये, असा त्या नियमाचा सोपा अर्थ. कारण त्याहून कमी जागा सोडली तर तळमजल्याच्या खोलींत आकाशाचा उजेड पोंचत नाहीं.

एवढें होऊनहि गर्दी कमी झाली नाहीं. मुंबई सरकारच्या लेबर गॅझेटांत १९२२ सालीं डॉक्टर बार्न्स नांवाच्या डॉक्टर बाईंचा अहवाल छापून आला. गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी करीत असतां, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर १५ फूट लांब व १२ फूट रुंद अशा एका खोलींत त्यांना सहा कुटुंबें आढळलीं. लहानथोर मिळून माणसें ३०. कुटुंबें सहा आहेत हें त्यांनीं ओळखलें कशावरून? जमिनीवर सहा निरनिराळ्या चुली होत्या त्यांवरून. त्यांतील तीन स्त्रिया लवकरच बाळंत व्हावयाच्या होत्या. १८० चौरस फुटांची खोली आणि ३० माणसें. माणशीं सहा चौरस फूट, म्हणजे अंथरुणापुरतीहि जागा नाहीं. श्रोतेहो, एका खोलीचीं सहा घरें करण्यास भिंतहि लागत नाहीं, हें ह्या उदाहरणावरून दिसतें. आपण भिंतीला नांवें ठेवतों. परंतु त्या तीन बायांना एखादी भिंत मिळाली असती, तर ती त्यांना देवळाच्या गाभाऱ्यासारखी वाटली असती.

ह्याच काळांत सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें चाळी बांधल्या. खोली सुमारें १६० चौरस फुटांची. तेवढ्या जागेंत पडदा लावून, माळा टाकून, कपाट आडवें घालून दोन दोन पिढ्यांनीं संसार केले. त्यांतील वरळीच्या पहिल्या भाडेकरूंना ५०० चौरस फुटांच्या सदनिका मिळाल्या त्या २०२५ सालीं. मध्यें शंभर वर्षें गेलीं. दुसरीकडे १९४७ सालच्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडेकरूला संरक्षण दिलें, पण मालकाच्या लेखी संमतीवांचून कायमचें बांधकाम केल्यास जागा सोडावी लागेल, असेंहि त्यांत होतें. मग खोलींत घातलेला लांकडी आडोसा हा कायमचें बांधकाम होय कीं नव्हे, ह्यावर न्यायालयांत वाद होऊं लागले. अखेर महाराष्ट्राच्या १९९९ सालच्या भाडेनियंत्रण कायद्यांत स्पष्टच लिहिलें गेलें कीं, जेथें नगरपालिकेची परवानगी लागते तेथें ती घेऊन घातलेला लांकडी आडोसा, स्वयंपाकाचा ओटा, किंवा हवेसाठीं पाडलेली खिडकी हें कायमचें बांधकाम समजावयाचें नाहीं. एका फळ्यांच्या भिंतीला कायद्याच्या पुस्तकांत जागा मिळावयास अशीं पन्नास वर्षें लागलीं.

आतां जो प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येतों. भिंत कोणासाठीं घातली हें आपण विचारतों. भिंतीच्या अंधाऱ्या बाजूला कोण गेलें हें मात्र विचारीत नाहीं. खणांची वांटणी पुरुषांत होई. बैठकीचे खण, खिडकीचे खण, रस्त्याकडचे खण मोजले जात. विधवा भावजयीला काय मिळे? तिला वांटा नव्हता. पोटगी आणि राहण्यापुरती जागा एवढाच तिचा हक्क, आणि ती जागा म्हणजे बहुधा मागचा, धान्याच्या कणगीजवळचा, खिडकी नसलेला खण. १९३७ सालच्या कायद्यानें विधवेला नवऱ्याचा हिस्सा आणि तो वांटून मागण्याचा अधिकार मिळाला, परंतु तो हयातीपुरता. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें तिची मालकी पूर्ण केली. तरीहि त्या कायद्याच्या २३ व्या कलमांत एक अडसर राहिलाच होता. कुटुंबाच्या राहत्या घराची वांटणी पुरुष वारस करीत नाहींत तोंवर स्त्री वारसाला ती मागतां येत नसे. आणि मुलगी अविवाहित, परित्यक्ता, नवऱ्यापासून विभक्त किंवा विधवा असेल तरच तिला त्या घरांत राहण्याचा हक्क होता. म्हणजे शेत वांटून मागावें, भांडीं वांटून मागावीं, पण जेथें जन्म झाला त्या बैठकींत भिंत घाला असें म्हणूं नये.

महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलीला मुलाप्रमाणेंच जन्मतः हक्कदार केलें. हें पाऊल देशाच्या अकरा वर्षें आधीं पडलें, याचा आपणांस अभिमान वाटला पाहिजे. २००५ सालीं सबंध देशाकरितां तसा कायदा झाला आणि तें २३ वें कलमहि गेलें. २०२० च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें विनीता शर्मा यांच्या दाव्यांत, मुलीचा हा हक्क जन्मानेंच येतो, २००५ सालीं वडील हयात असण्याची अट त्याला नाहीं, असें निःसंदिग्धपणें सांगितलें. २००७ सालीं वृद्ध आईबापांच्या निर्वाहाचा कायदा झाला. आमचा सांभाळ करावा ह्या अटीवर मुलांना घर लिहून दिलें आणि मुलांनीं सांभाळ केला नाहीं, तर तें लिहून देणें रद्द करून घेण्याची सोय त्यांत आहे. हे कायदे चांगले आहेत. परंतु कायद्यानें खण मिळतो, खणांतील खिडकी मिळेलच असें नाहीं. ती घरच्यांनीं द्यावयाची असते.

म्हणून आजचा गृहस्थ बैठक अडवावयास निघाला, तर ह्या सर्व इतिहासांतून त्यानें काय घ्यावें? पहिली गोष्ट भाराची. जुना कुड हलका होता आणि छप्पर खांबांवर होतें. आजच्या सिमेंटच्या इमारतींतहि भार बहुधा खांबांवर व तुळयांवर असतो. परंतु आपण भिंत विटांची घालतों. दहा फूट लांब, दहा फूट उंच आणि साडेचार इंच जाड अशी गिलावा केलेली विटांची भिंत सुमारें अडीच टन भरते. खालीं तुळई नसतांना एवढा भार नुसत्या स्लॅबवर टाकणें इंजिनियरला विचारल्यावांचून कधींहि करूं नये. लांकडी चौकटीची किंवा जिप्समच्या पत्र्यांची भिंत याच्या दशांशाच्या जवळपास वजनाची असते. आपल्या पणज्यांची तुराट्यांची भिंत बुद्धीनें ह्या नव्या भिंतीचीच बहीण होती.

दुसरी गोष्ट उजेडाची व हवेची. भारताची राष्ट्रीय इमारत संहिता सांगते कीं, घरांत राहण्याच्या खोल्या दोन असतील तर एक निदान साडेनऊ चौरस मीटर व दुसरी निदान साडेसात चौरस मीटर असावी. म्हणजे सुमारें १०२ व ८१ चौरस फूट. खिडक्यांचें क्षेत्र आमच्यासारख्या उष्ण व कोरड्या मुलखांत जमिनीच्या निदान एकदशांश असावें. तेव्हां मोठ्या बैठकीला दोन खिडक्या असतील तर भिंत त्यांच्या मधून न्यावी. खिडकी एकच असेल तर भिंत छपरापर्यंत न नेतां वर जाळी किंवा कांच ठेवावी. जपानी लोकांच्या जुन्या घरांत कागदाच्या सरकत्या भिंती असतात. त्यांना ते फुसुमा म्हणतात. रात्रीं त्या ओढल्या कीं दोन खोल्या, दिवसा सारल्या कीं एक. ज्या घरांत नवी खोली रात्रीपुरतीच हवी आहे, तेथें हा मार्ग फार चांगला.

तिसरी गोष्ट वाटेची. आणि येथें मनुस्मृतींतील त्या जुन्या नियमाची आठवण ठेवावी. नव्या खोलींत जावयाची वाट दुसऱ्याच्या निजण्याच्या जागेंतून नसावी. आजोबांना रात्रीं उठून मोरीकडे जावयाचें असेल, तर सुनेच्या दारावरून संकोचत जावें लागूं नये. शाळेंत अनेक वर्षें मुलें पाहिल्यावर मी एवढें खात्रीनें सांगूं शकतों कीं, ज्या मुलाच्या अभ्यासाच्या जागेंतून सारें घर येतें-जातें, त्याचें लक्ष पुस्तकांत राहत नाहीं. आणि ज्याच्या वांट्याला दोन हातांचा कां होईना, पण आपला असा कोपरा येतो, तें मूल आपण होऊन वेळेवर पुस्तक उघडतें.

ह्या तीन गोष्टींच्याहि आधीं एक गोष्ट करावी. भिंत कोठें घालावयाची हें घरांतल्या कर्त्या पुरुषानें एकट्यानें ठरवूं नये. जुन्या रीतींत मोठा भाऊ वांटे घाली आणि धाकटा उचली. तोच न्याय आज लावावा. ज्याच्या हातांत मोजपट्टी आहे त्यानें रेघ मारावी, आणि ज्याला घरांत आजवर कोणी विचारलें नाहीं, मग ती आई असो, सून असो कीं माहेरीं परत आलेली मुलगी असो, तिनें आपली बाजू आधीं निवडावी. मग ती रेघ आपोआप सरळ येईल, आणि खिडकी कोणाच्या बाजूला जाते याविषयीं तंटाहि उरणार नाहीं.

वेळ संपत आला आहे. आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं ह्या उन्हाळ्यांत असें काम निघावयाचें असेल, त्यांनीं सुताराला बोलावण्यापूर्वीं एखाद्या सायंकाळीं सर्वांना त्या मोठ्या बैठकींत एकत्र बसवावें आणि हा विषय काढावा. बैठक ही मुळांत अशाच बोलण्यासाठीं होती. तेवढें तिचें काम तिच्याकडून एकदां करून घ्यावें आणि मग खुशाल भिंत घालावी. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.